विहिरीखालचं वेखंड

१२ जून २०२५

हिरामण,

पत्राच्या वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची पद्धत आहे. ते आज लिहीत नाही, हात होत नाही. चार वर्षांपूर्वी तू मला फोनवर ब्लॉक केलंस, म्हणून हे रजिस्टर पत्र. पोस्टमनला अजून ब्लॉक करता येत नाही. सही करून घे आणि शेवटपर्यंत वाच. मोबाइलवर बोटभर मजकूर वाचून दमणारा माणूस तू, पण आज दम धर.

मुद्दा एकच आहे. ते बॉक्स विकणं आजच्या आज थांबव.

कुठले बॉक्स, असा भोळा चेहरा करू नकोस. 'आजीची बाळगुटी, कोकणच्या मातीतली.' वर आपल्या आईचा फोटो. तो फोटो मी ओळखला बरं का. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावलेला, हार तेवढा तू कॉम्प्युटरवर कापून काढलास. आत बारा औषधं. त्यातली अकरा मुंबईच्या घाऊक बाजारातली आणि बारावं वेखंड आपल्या विहिरीखालच्या पाणथळीतलं. आपला गडी भागोजी ते खणतो, पोत्यात भरतो आणि टेम्पोत घालून तुला पाठवतो. तेवढ्यावर उलव्याच्या दुकानावर 'वैद्य हिरामण' अशी पाटी लागली. बावीस वर्षं कंपनीत हजेरीपट भरलेस ना तू? वैद्यकी कुठल्या रकान्यात शिकलास?

आईने ते वेखंड जन्मात विकलं नाही. गावात कुणी बाळंत झाली की पाचवीच्या दिवशी जाऊन बोटभर कांडी तिच्या ओटीत घालायची, आणि बदल्यात चहासुद्धा घ्यायची नाही. तू त्याचे ग्रॅम केलेस. ह्याच्यावरूनच आपलं उरलंसुरलंही फाटलं आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

आता वेखंडाबद्दल. अलिबागच्या कॉलेजात मृणाल नावाची मुलगी शिकवते. राख टाकलेल्या जमिनीत औषधी झाडांचं काय होतं, ह्यावर ती पीएचडी करते आहे. जानेवारीत ती आपल्या पाणथळीत गुडघाभर चिखलात उतरली, तीन ठिकाणची मुळं आणि माती घेऊन गेली. परवा तिने तपासणीचे कागद आणून दिले. औषधी मुळात शिसं चालतं ते दहापर्यंत. आपल्या वेखंडात तीनशे बारा आहे. कॅडमियम नावाचा दुसरा धातू आहे, तोही मर्यादेच्या दहापट. दहा आणि तीनशे बारा ह्यांतला फरक कळेल एवढं गणित तुला येतं असं धरून चालते.

ही पाणथळ २०२१ साली राखेने भरली गेली, हे तुला आठवत असेलच.

जे विकलेस ते परत मागव. जे पडून आहे ते कचऱ्यात फेकू नकोस, बांधून ठेव. आणि आईचा फोटो आधी काढ.

गोदू


२ जुलै २०२५

हिरामण,

उत्तर आलं. छापील कागदावर, वर कोपऱ्यात खलबत्त्याचं चित्र. सख्ख्या बहिणीला लिहायलासुद्धा तुला साधा कागद सापडला नाही.

तू लिहितोस, 'ताई, एकदा वेखंड बघून ये. कमरेएवढं वाढलंय. विषारी जमिनीत असं वाढतं का?' अरे, मी रोज बघते. विहीर माझ्या मागच्या दारी आहे, तुझ्या उलव्याच्या चौथ्या मजल्यावर नाही. हिरवंगार आहे म्हणूनच तर घोळ झाला. मृणालने मला तिच्या कुंड्या दाखवल्या. मातीत थोडी कोळशाची राख मिसळली की झाड आधी खूशच होतं, पान रुंद होतं, रंग चढतो. धातू पानापर्यंत फारसा जातच नाही, मुळात साठतो. आणि वेखंडाचं आपण घेतो काय? मूळ. पान बघून मुळाची खात्री देणारा वैद्य मी साठ वर्षांत पहिल्यांदा बघितला.

पुढे लिहितोस, 'राख तर आपण आजोबांपासून घालतो. राबाला राखच लागते.' हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पाणी प्यायले. राबाची राख म्हणजे काय रे? शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या. ते शेतात पसरायचं, जाळायचं, त्यावर भाताचं बी पेरायचं. जमिनीचं होतं ते जमिनीला परत. पाणथळीत पडली ती कारखान्याच्या भट्टीची. ट्रकवाला म्हणाला होता कोळशाची आहे. नुसती कोळशाची असती तर एवढं शिसं आलं नसतं, असं मृणाल म्हणते. भंगार वितळवणाऱ्या भट्टीची तिच्यात मिसळलेली असणार. पण रंग तोच, करडा. हाताला मऊ. आपल्या लोकांना राख दिसली की राब आठवतो, आणि राब आठवला की अक्कल गहाण. दुसऱ्या गावाने विचारलं तरी असतं की फुकट का देता. आपल्याकडे ट्रकवाल्याला सरबत दिलं.

तुला आणखी एक प्रश्न पडलाय. 'चार वर्षं गप्प होतीस, आताच का सुचलं?' निवृत्त बाईला वेळ असतो. एवढं उत्तर पुरे.

आणि 'तुला माझं चाललेलं बघवत नाही' हे वाक्य तू बायकोकडून लिहून घेतलंस की काय? मी उपकेंद्रात तीस वर्षं नर्स होते. सात वाड्यांतली बाळंतपणं माझ्या हाताखालून गेली. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय थेंब द्यायचा नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. गुटीचं नाव काढलं की मी घरात शिरून भांडायचे. ठमाबाई आठवते? तिची पहिली सून बाळंत झाली तेव्हा ती माझ्या नाकासमोर गुटी उगाळत होती. मी सहाण उचलली आणि त्यांच्याच विहिरीत टाकली. वर्षभर ती बाई माझ्या सावलीला उभी राहिली नाही. मला त्याची फिकीर नव्हती. अडाण्यांशी गोड बोलत बसले असते तर निम्मी पोरं जुलाबाने गेली असती.

तेव्हा बॉक्सचं मला कुणी शिकवू नये. ते थांबवलेस का, एवढंच हो किंवा नाही लिहून कळव.

गोदू


१९ जुलै २०२५

हिरामण,

'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

म्हणून आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. माझ्या मनालीची मुलगी बरी नाही. तुला तिचं नावसुद्धा ठाऊक नसेल. आरोही. परवा नऊ महिन्यांची झाली आणि अजून आधाराशिवाय बसत नाही. ओठ पांढरट, चार-चार दिवस शी नाही, पोट हाताला लागलं की किंचाळते. मे महिन्यात अलिबागला डॉक्टरांना दाखवलं. रक्त कमी आहे म्हणाले, लोहाचं औषध दिलं. दोन महिने चाललंय, फरक शून्य. मितेश, म्हणजे मनालीचा नवरा, थळहून रोज मला फोन करतो, 'आई, तुम्ही नर्स होता, तुम्हाला काय वाटतं?' मी सांगते, थोडी वाट बघू.

तिच्या पोटात काय गेलं असेल ते तुला कळलं असेल. ढ असलास तरी इतका नाहीस.

पाच महिने मनाली माझ्याकडे होती. मग थळला सासरी गेली. बाळाला गुटी दिली जात होती. दुसरं वेखंड आमच्या घरात येणार कुठून? १० जूनला मृणालचे कागद आले, त्याच दिवशी मी मनालीला फोन केला की गुटी बंद कर, पावसाळा तोंडावर आहे, बाधेल. तिने बंद केली. कारण विचारलं नाही. माझ्या शब्दावर कारण विचारायची तिला सवय नाही.

पण शिसं तपासायची एक वेगळी रक्ततपासणी असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती होत नाही, आणि डॉक्टरांना संशय आल्याशिवाय ते सांगणार नाहीत. त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तर माझं म्हणणं असं. पुढच्या रविवारी तू थळला जा. मनालीला सांग की वेखंड तुझ्या धंद्यातलं होतं, जमीन खराब निघाली, तुझी चूक झाली. मामा म्हणून तेवढं तरी कर. बाकी आयुष्यात तू तिच्यासाठी काय केलंस? लग्नालासुद्धा आला नाहीस. तू सांगितलंस की ती डॉक्टरांकडे जाईल, तपासणी होईल. लाज वाटत असेल तर दोन मिनिटं खाली मान घाल. तुझ्यासारख्याला ती सवय असायला हवी.

माझं नाव मध्ये आणायची गरज नाही.

गोदू


२८ जुलै २०२५

हिरामण,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. ह्या वेळी खलबत्ता नव्हता, वहीचा फाडलेला कागद होता. चार ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्यात की आता न बघता लिहू शकते.

'ताई, मी सगळे बॉक्स थांबवले. दुकानांतून परत आणतोय. पण मनालीला मी सांगून चालणार नाही, ट्रकच्या कागदावर सही तुझी आहे. आणि बाळाला गुटी कुणी उगाळली, हे तू तुझ्या पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस.'

मला तुझा एवढा राग आला की मी भागोजीच्या अंगावर ओरडले. तो बिचारा नारळ सोलत होता.

आता तूच म्हणतोस तर लिहिते.

वादळाच्या वर्षी खाडीचा बांध फुटला, खारं पाणी पाणथळीत शिरलं आणि आईचं वेखंड काळं पडलं. पुढच्या उन्हाळ्यात ट्रकवाला दारात आला, भर हवी का म्हणून. तू तेव्हा मुंबईत होतास. मी फोन लावला. तू म्हणालास, 'ताई, आठवडाभर थांब, राख कसली आहे ते विचारून घेऊ, माती तपासून घेऊ.' मी काय बोलले ते तू विसरला नसशील. 'शेतकऱ्याच्या पोटी जन्मलास आणि राखेला घाबरतोस? राब भाजताना लांब उभा राहायचास, तेव्हाच कळलं होतं मला.' फोन ठेवला आणि सही केली. सरबतही मीच दिलं. लिंबू पिळून, भरपूर साखर घालून.

दोन वर्षांनी वेखंड उगवलं ते कमरेएवढं. मी आईच्या फोटोपुढे दिवा लावला की तुझं झाड मी वाचवलं. त्याच सुमारास मी निवृत्त झाले. निवृत्त नर्स म्हणजे काय असतं, तुला माहीत नाही. तीस वर्षं ज्यांच्या घरात हुकूम सोडत शिरले, त्यांनी मला रस्त्यात ओळख देणं सोडलं. त्यांचंही बरोबर होतं. मी त्यांना माणसात धरलंच कधी? एका पाचवीला मी आईसारखी बोटभर कांडी घेऊन गेले, सहज म्हणून. त्या घरात मला पाट मिळाला. चहा मिळाला. 'गोदूबाई, तुमच्या आईचा हात आला तुम्हांला', असं म्हणाल्या बायका. मग मी दुसऱ्या घरी गेले. मग तिसऱ्या. ज्या गुटीवरून मी सहाणी विहिरीत टाकल्या, तिचंच वेखंड मी ओटीत घालत फिरले. अकरा घरं झाली. तुझ्या बॉक्सची मी टिंगल करत होते तेव्हाही ती अकरा घरं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी तुला विचारत होते की अक्कल गहाण टाकलीस का.

आरोहीला गुटी मीच उगाळली. आईच्या सहाणेवर, चाळिसाव्या दिवसापासून. बाकीच्यांचे दोन-दोन वळसे, वेखंडाचे पाच. पोर रात्री रडायची, आणि वेखंडाने पोट मऊ होतं म्हणून मी तेच जास्त घ्यायचे. मनाली म्हणाली होती, 'आई, तूच तर देऊ नका म्हणायचीस.' मी म्हटलं, ते अडाणी बायकांना सांगायचं असतं. त्या काहीही उगाळतात. आपलं घरचं आहे. थळला जाताना कांडीही मीच बांधून दिली.

आणि मे महिन्यातलं लिहायचं राहिलं. अलिबागला डॉक्टरांनी विचारलं होतं, 'गुटी, काजळ, असलं काही चालू आहे का?' मनालीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, 'डॉक्टर, मी स्वतः तीस वर्षं नर्स होते.' त्यांनी हसून मान डोलावली आणि पुढचं विचारलं. मी खोटं एक अक्षर बोलले नाही, आणि त्याचा मला घरी येईपर्यंत अभिमान वाटत होता. त्या दिवसानंतरही बावीस दिवस गुटी चालू राहिली, आणि कागद आल्यावर मी गुटी बंद केली पण तोंड उघडलं नाही. पोरगी आजारी असताना मी तुला पत्रं लिहीत बसले होते.

शनिवारी मी थळला गेले. मनाली आणि मितेशसमोर सगळं सांगितलं, सहीसकट. मितेश गाडीची चावी घेऊन बाहेर गेला. तिघं मिळून डॉक्टरांकडे गेलो, मी मागच्या सीटवर. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच रक्त घेतलं. पोरीच्या मनगटात शीर सापडेना, तीन वेळा टोचावं लागलं. मी पाय धरून ठेवते म्हणाले तर मनाली म्हणाली, 'तू बाहेर बस.'

आकडा यायला चार-पाच दिवस लागतील. मी ते दिवस कसे काढते ते तुला लिहिणार नाही.

गोदू


७ सप्टेंबर २०२५

हिरामण,

आकडा अठरा आला होता, तो मितेशने तुला कळवला म्हणतोस. पाचच्या खाली असायला हवा. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं द्यायची वेळ नाही, बंद केलंत हेच औषध. लोह, कॅल्शियम, नाचणी, दर महिन्याला तपासणी. पुढे बोलण्या-चालण्यावर किती परिणाम राहील ते आज सांगता येणार नाही, असंही म्हणाले. हे वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. बरं केलं.

तू बॉक्स परत गोळा करतोयस ते भागोजीकडून कळलं. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून कॅमेऱ्यासमोर बोललास म्हणे, की ज्यांनी नेलं त्यांनी वापरू नये आणि पोरांचं रक्त तपासावं. मृणालने तो व्हिडिओ मला दाखवला. शर्ट तो लग्नकार्यातला घातला होतास, जांभळा, आणि 'वैद्य' शब्दावर अडखळलास तीन वेळा. पाटी अजून तशीच मागे दिसत होती. ती उतरव. बाकी जे केलंस ते ठीक केलंस. ह्याहून जास्त माझ्या तोंडून निघणार नाही, आग्रह करू नकोस.

पाणथळीभोवती पंचायतीने तार लावली. मी मृणालला विचारलं, सगळं उपटून जाळून टाकू का? ती म्हणाली, 'जाळलंत तर पुन्हा राखच होईल, बाई.' तर ते तसंच उभं आहे, हिरवंगार. सकाळी भांडी घासताना समोर दिसतं.

अकरा घरं केली. पायी, नर्सच्या जुन्या पिशवीत कागद घेऊन, पाऊस अंगावर घेत. प्रत्येक दारात तेच सांगायचं, की मी दिलेलं वेखंड बाळाला देऊ नका, परत द्या, आणि पोराचं रक्त तपासून घ्या, मी सोबत येते. पहिल्या घरी सासू म्हणाली, 'तुम्ही दिलंव म्हणून दिला आम्ही.' तिसऱ्या घरी माझ्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा उघडलं. दहा पोरांचं रक्त तपासलं. तिघांचं वाढलेलं आहे, आरोहीइतकं कुणाचं नाही. त्यांच्या आज्यांनी पाच वळसे घेतले नव्हते. तीस वर्षं ज्यांना अडाणी म्हटलं, त्यांनी मापात उगाळलं होतं.

अकरावं घर ठमाबाईचं. तिच्या धाकट्या सुनेला गेल्या वर्षी मुलगा झाला, तेव्हा मी कांडी दिली होती. मी ओसरीवर उभी राहून सगळं पाठ केलेलं बोलले. तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. उघडला तर आत माझी कांडी. तशीच्या तशी, एक ओरखडा नाही.

मी म्हटलं, 'वापरलं नाहीस?'

'तूच सांगलीस ना, सा महिने कायच द्यायाचा न्हाय? सहाण हिरीत टाकलीस माजी. तवापासून माज्या घरात कुनी गुटी उगाळली न्हाय.'

'मग मी दिली तेव्हा बोलली का नाहीस?'

'तुला लय दिसांनी कुनी घरात घेतला व्हता. कशाला तुजा मन मोडू?'

तिने मला पाट दिला. चहा झाला. मी त्या बाईला ओळखतच नव्हते, हे मला त्या पाटावर बसल्यावर कळलं आणि मी रडले. तिच्यासमोर, पदर तोंडाला न लावता. तिने नातवाला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. गुबगुबीत आहे. मांडीत राहीना, धडपडून उठून बसला.

आता शेवटचं. मनालीने सव्वा महिना माझा फोन उचलला नाही. मितेश कळवायचा तेवढंच. काल तिने स्वतः फोन केला. आरोहीचा आकडा अकरावर आला आहे. परवा ती आधाराशिवाय बसली, थोडा वेळ, मग कलंडली. मी विचारलं, येऊ का? ती म्हणाली, 'ये. पण हातात काही आणू नकोस.'

मुलीच्या सासरी आई रिकाम्या हाताने जात नाही, हे तुला सांगायला नको. नारळ, तांदूळ, लाडू, निदान झाडाची चार केळी तरी. आपल्या आईने तर थळला जाताना डोक्यावरची टोपली कधी उतरवली नसती. मी सकाळपासून स्वयंपाकघरात तीन वेळा गेले आणि तीन वेळा बाहेर आले. नाचणीच्या पिठाची पुरचुंडी बांधली होती, ती सोडून डब्यात परत ओतली.

एसटी दुपारी दोनची आहे. हात साबणाने दोनदा धुतलेत आणि पिशवी खुंटीवरच ठेवली आहे.

गोदू